गालातल्या गालात: मिश्किल विनोद कसा लिहावा

टोचून बोलण्यासाठी मराठीत शब्दांची कधीच वाण नव्हती. टोमणा, कोपरखळी, खोचक शेरा, उपरोध, उपहास, शालजोडीतला आणि अगदी खालच्या पायरीवर कुजकटपणा, असे हे मोठे खटले आहे. परंतु ज्या विनोदाविषयी येथे लिहायचे आहे, तो यांपैकी कोणाच्याही घरचा पूर्णपणे नाही. टोमण्याला समोर एक माणूस लागतो आणि उपहासाला एक शत्रू लागतो. मिश्किल विनोदाला केवळ एक परिस्थिती लागते, आणि ती जशी आहे तशी, चेहऱ्यावरची रेषा न हलवता सांगणारा निवेदक लागतो. वाचक मोठ्याने हसत नाही. तो थांबतो, वाक्य पुन्हा वाचतो आणि गालातल्या गालात हसतो. हा परिणाम मजकुरात काही भर घालून साधत नाही, तो नेमकेपणाने साधतो, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील सर्व सूचना त्याच मताच्या आधाराने केलेल्या आहेत.

सुरुवात विनोद शोधण्यापासून करू नये. दोन गोष्टी शोधाव्यात, ज्या दोन्ही खऱ्या आहेत, दोन्हींना आपापले कारण आहे, आणि तरीही त्या एकमेकींशेजारी नीट बसत नाहीत. एक साधे उदाहरण घेऊ. निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात आपण हयात असल्याचा दाखला सादर करावा लागतो. या नियमामागचे कारण रास्त आहे: माणूस गेल्यानंतरही त्याच्या नावे पैसे निघत राहू नयेत. तरीही जिना चढून स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत आलेल्या माणसाकडे जिवंतपणाचा पुरावा मागितला जातो, तेव्हा त्या क्षणाची शिवण कोठेतरी उसवते. नियमाचे कारण ज्याने समजून घेतलेले नाही, त्याच्या हातून येथे केवळ चिडचीड लिहिली जाते, म्हणून लिहायला बसण्यापूर्वी आपल्याला हास्यास्पद वाटणाऱ्या गोष्टीची बाजू एकदा प्रामाणिकपणे मांडून पाहावी. ती मांडता आली नाही तर विषय अजून पिकलेला नाही असे समजावे.

आता हाच प्रसंग दोन प्रकारे लिहून पाहू. पहिला प्रकार असा: ‘काय म्हणावे या कारभाराला! जिवंत माणूस समोर उभा असताना या महाभागांना त्याच्या जिवंतपणाचा कागद हवा!’ दुसरा प्रकार असा: ‘अप्पा जिना चढून खिडकीशी आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. लिपिकाने उठून त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, आणि त्यांचा श्वास ठिकाणावर आल्यावर ते हयात असल्याचा पुरावा मागितला.’ पहिल्या प्रकारात लेखकाने वाचकासाठी काहीच शिल्लक ठेवलेले नाही. राग त्याचा, निष्कर्षही त्याचाच. दुसऱ्या प्रकारात लिपिक दुष्ट नाही, उलट चांगला माणूस आहे, आणि त्याच्या चांगुलपणामुळेच नियमाचा विचित्रपणा उघडा पडतो. त्याने ज्या श्वासाची वाट पाहिली, तोच श्वास खरा पुरावा होता, हे वाक्यात कोठेही म्हटलेले नाही, परंतु ते तेथे आहे. येथे एक मोह हमखास होतो: ‘जणू तो श्वास पुरेसा नव्हता’ असे एक वाक्य पुढे जोडावे असे वाटते. ते लिहावे, कारण लिहिल्याशिवाय ते डोक्यातून जात नाही, आणि मग खोडावे.

मराठीच्या रचनेचा या कामी मोठा उपयोग होतो आणि तो जाणून करावा. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाक्याचा निकाल अखेरच्या शब्दापर्यंत राखून ठेवता येतो. वरच्या उदाहरणात ‘मागितला’ येईपर्यंत वाचक आतिथ्याच्याच वाक्यात असतो. क्रियापद पुढे ओढून वाक्य उलटे केले की हा फायदा जातो. उद्गारचिन्हे सर्व काढून टाकावीत. ‘अक्षरशः’, ‘चक्क’, ‘म्हणे’ हे शब्द वाचकाला कोपराने ढोसतात, म्हणून तेही तपासून पाहावेत; त्यांपैकी ‘म्हणे’ क्वचित राहू शकतो, कारण त्यात ऐकीव गोष्टीचा खरा स्वर असतो, परंतु ‘चक्क’ मला आजवर एकदाही आवश्यक वाटलेला नाही.

नेमकेपणा म्हणजे काय, हे शिकण्यासाठी मी नव्या लेखकाला अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’कडे पाठवतो. १९७६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्या वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळालेल्या या संग्रहात एका ठेंगण्या देवळाची कविता आहे. आत अंधार आहे, काडी ओढली की देव दिसतात आणि विझली की जातात. पुजारी सांगतो, ही अष्टभुजा देवी. पाहुणा काडीच्या उजेडात हात मोजतो, ते अठरा भरतात. तो तसे बोलून दाखवतो; पुजाऱ्याच्या लेखी ती अष्टभुजाच राहते. पुढे वाद नाही, निवाडा नाही. पाहुणा उन्हात येऊन सिगारेट पेटवतो, आणि बाहेर मुले दगडी कासवाच्या पाठीवर खेळत असतात. कवीने येथे पुजाऱ्याला अडाणी ठरवलेले नाही आणि मोजणाऱ्यालाही शहाणा ठरवलेले नाही, आणि शेवटी त्या मुलांना आणून दोघांचाही प्रश्न हलकेच बाजूला ठेवला आहे. आठ आणि अठरा हे आकडे काढून त्या जागी ‘कितीतरी जास्त हात’ असे घालून पाहा, म्हणजे कविता जागच्या जागी कोसळते. याच संग्रहात आणखी एका ठिकाणी पाहुणा देऊळ समजून आत डोकावतो आणि आतून एक वासरू त्याच्याकडे पाहते; तो गोठा असतो. कोलटकर जाहिरातींच्या जगात संकल्पचित्रकार म्हणून वावरलेले होते. कोणती वस्तू चौकटीत ठेवायची आणि कोणती बाहेर, याची त्यांची पक्की जाण मला या कवितांत पदोपदी दिसते.

यावरून एक सवय सुचवतो. खिशात छोटी वही ठेवावी आणि तीत मते न लिहिता केवळ आकडे, पाट्यांवरचे शब्द, लोकांनी उच्चारलेली वाक्ये आणि वस्तूंच्या जागा लिहाव्यात. ‘रांगेत फार गर्दी’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘रांगेत २३ माणसे, पंखा एक, तो साहेबांकडे वळवलेला’ ही नोंद दोन वर्षांनीही कामाला येते.

भाषेचे थर हे दुसरे मोठे साधन आहे. कार्यालयीन मराठीला स्वतःचे गांभीर्य आहे: ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘यथावकाश’, ‘आवश्यक त्या कार्यवाहीस्तव सादर’. हा थर जसाच्या तसा उचलून एखाद्या घरगुती प्रसंगाशेजारी ठेवला तर त्यातून विनोद आपोआप निर्माण होतो, परंतु तो इतका सोपा आहे की लवकर स्वस्त होतो. संपूर्ण परिच्छेद त्या भाषेत लिहू नये. एकच शब्द, योग्य पात्राच्या तोंडी, आणि तोही त्या पात्राने मनापासून उच्चारलेला असावा. आयुष्यभर कचेरीत काम केलेले आजोबा नातवाच्या खोडीबद्दल ‘यथावकाश पाहू’ म्हणतात, तेव्हा त्यात खोटे काहीच नसते. ती त्यांची स्वतःची भाषाच झालेली असते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ या कादंबरीने, म्हणजे १९६३ पासून, मराठी गद्याला निवेदनाचा आणखी एक स्वर दिला. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर मोठमोठ्या गोष्टी सांगता सांगता ‘वगैरे’ म्हणतो आणि त्या गोष्टींची हवा निघून जाते. या एका शब्दाची पुढे इतकी नक्कल झाली की आज तो वापरताना हात आखडता घ्यावा. परंतु त्या कादंबरीतून घेण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे. बहीण मनी जाते त्या भागात तोच स्वर दुःखाला सामोरा जातो, आणि आतापर्यंत त्या स्वराने आपल्याला हसवलेले असल्यामुळे आपण तेथे बेसावध सापडतो. मिश्किल लेखनाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग हाच आहे. निवेदकाने पूर्ण मजकुरात आवाज चढवलेला नसेल, तर खऱ्या वेदनेच्या जागीही त्याला तो चढवावा लागत नाही. म्हणून आपल्या मजकुरात अशी एक तरी जागा आहे का, जेथे हसू थांबले पाहिजे, हे आधी ठरवावे आणि त्या जागेच्या आसपास विनोद विरळ करत न्यावा.

पडद्यासाठी लिहिणाऱ्यांनी हीच गोष्ट चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये पाहावी. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला पदार्पणासाठीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एका वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा की, त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. आरोपच असा असताना विनोदासाठी वेगळे संवाद लिहिण्याची गरज उरत नाही, आणि ते लिहिलेलेही नाहीत. कॅमेरा लांब आणि बहुतेक वेळा स्थिर आहे. सरकारी वकील कायद्याची कलमे एकसुरात वाचत राहतात, आणि आपल्याला तो वेळ कापून दिला जात नाही. एका स्त्रीने बिनबाह्यांचा पोशाख घातला आहे म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण त्या दिवशी ऐकत नाहीत, आणि कोणाच्याही चेहऱ्याचे जवळचे चित्र दाखवून ‘आता हसा’ असे सांगितले जात नाही. मग मृताची पत्नी साक्षीला येते आणि तिच्या बोलण्यातून कळते की, गटारातून झुरळे बाहेर येतात की नाही, यावरून आत उतरणे सुरक्षित आहे का हे तो ठरवत असे. कॅमेरा आधीइतकाच शांत आहे. ज्या अंतरावरून आपण हसलो, त्याच अंतरावरून आता हे ऐकायचे आहे. पटकथा लिहिताना ‘येथे विनोदी प्रतिक्रिया’ अशा सूचना गाळाव्यात आणि त्याऐवजी दृश्य किती वेळ चालते व कॅमेरा किती अंतरावर आहे, याचा विचार दिग्दर्शकाबरोबर करावा.

चित्रकलेविषयी थोडक्यात. भूपेन खक्कर यांचा जन्म मुंबईचा, शिक्षण हिशेबतपासनीसाचे आणि कर्मभूमी बडोदा. १९७२ सालच्या ‘जनता वॉच रिपेअरिंग’सारख्या चित्रांत त्यांनी छोट्या दुकानदाराला, कॅलेंडरांतून ओळखीच्या झालेल्या रंगांत, एरवी मोठ्या माणसांच्या व्यक्तिचित्रांना मिळते ती प्रतिष्ठा दिली. शीर्षक म्हणजे दुकानाची पाटीच आहे, त्यावर चित्रकाराची टिप्पणी नाही. लेखकांनीही शीर्षकाकडे असेच पाहावे. किरण नगरकर यांच्या १९७४ च्या कादंबरीचे नाव ‘सात सक्कं त्रेचाळीस’ असे आहे. पाढ्याची चाल शाबूत, उत्तर एकाने चुकलेले, आणि ते पूर्ण आत्मविश्वासाने दिलेले.

आता विनोदाचा रोख कोणावर असावा हा प्रश्न, ज्यात बहुतेक नवे लेखक घसरतात. आपण ज्यांच्यावर लिहितो त्यांच्या गल्लीत आपले घर आहे का, हे तपासावे. जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची जी फिरकी घेत, ती टिकली याचे एक कारण माझ्या मते असे की, ते स्वतः त्याच जगात वावरत होते. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी त्या ठणठणपाळाला चेहरा दिला आणि लेखनातला खट्याळपणा रेषेतही उतरला. दुरून, वरून आणि माहिती नसताना केलेला विनोद वाचकाला ताबडतोब कळतो. ज्याच्याकडे उत्तर देण्याची ताकद नाही, अशा माणसाच्या बोलीवर, कपड्यांवर किंवा चुकीच्या उच्चारावर हसू उभे करणे हे तर मला लेखनाचे नव्हे, स्वभावाचे न्यून वाटते, आणि येथे मी कोणतीही सवलत देऊ इच्छित नाही.

पहिला खर्डा झाल्यावर तो किमान एक आठवडा बाजूला ठेवावा. नंतर तो मोठ्याने, परंतु अगदी सपाट आवाजात, बातम्या वाचाव्यात तसा वाचावा. आवाजाला चढउतार देण्याची गरज जेथे वाटेल, तेथे वाक्य कमकुवत आहे असे समजून शब्द बदलावेत. त्यानंतर प्रत्येक परिच्छेदाचे शेवटचे वाक्य झाकून पाहावे. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा परिच्छेद त्याशिवाय अधिक चांगला उभा राहतो, कारण ते वाक्य लेखकाने स्वतःला शाबासकी देण्यासाठी लिहिलेले असते. विशेषणे मोजावीत. पात्रांना ‘अहो’ आणि ‘अरे’ ज्या नात्याने शोभते, त्याच नात्याने दिले आहे का हे पाहावे, कारण मराठीत एका चुकीच्या ‘अरे’ने सगळा तोल जातो.

शेवटी मजकूर अशा एका व्यक्तीला वाचायला द्यावा, जी प्रत्यक्ष त्या रांगेत किंवा त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेली आहे. ‘विनोदी वाटले का?’ असे तिला विचारू नये. ‘हे असेच असते का?’ इतकेच विचारावे. ती ‘हो’ म्हणाली आणि स्वतःचा एखादा प्रसंग सांगू लागली, तर मध्ये न बोलता वही काढावी आणि तिने वापरलेले शब्द त्याच क्रमाने उतरवून घ्यावेत.