पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची? या चुका टाळा

जुन्या फियाटचा, म्हणजे पद्मिनी गाडीचा, पत्रा सडला तर नवा लावता येतो. मिस्त्री बिथरला तर मात्र काम तिथंच थांबतं. माझ्या पाहण्यात ज्या पद्मिनी अर्ध्यावर राहून ताडपत्रीखाली गेल्या, त्यांतल्या बऱ्याचशांचं कारण गंज नव्हतं. कुणी मिस्त्रीला चारचौघांत बोललं, कुणाचं सुट्या भागांच्या पैशावरून वाजलं, कुणी दोस्ताचा पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढायचं अवजार) नेला आणि परत केलाच नाही. म्हणून या लेखात पान्याच्या चुका आणि माणसांच्या चुका एकत्रच आल्या आहेत. गॅरेजमध्येही त्या तशाच येतात.

ज्यांना गाडीची कुंडली हवी त्यांच्यासाठी थोडक्यात. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 साली फियाट 1100 डिलाइट बनू लागली. त्याआधीची ती डुक्कर फियाट. पुढे डिलाइटची प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. इंजिन तेच, 1089 सीसीचं. मुंबईत काळी-पिवळी म्हणून ती ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली. आपला फायदा असा, की टॅक्सीच्या धंद्यावर तयार झालेले मिस्त्री अजून आहेत आणि इंजिनचे, ब्रेकचे, सस्पेन्शनचे भाग अजून मिळतात.

चकाकी बघून गाडी घेणं

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच तिची चेसिस. त्यामुळे दाराखालची सिल, फ्लोअर, जॅक लावायची जागा आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथं बॉडीला अडकतात तो भाग सडला असेल, तर तो दिसण्याचा प्रश्न उरत नाही, गाडीच्या कण्याचा होतो. खिशात फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक ठेवा. सिलवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं खाली पुट्टीचा थर आहे. मग मॅटिंग उचला. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि पायाखालच्या पत्र्यात मुरतं. कोकणात बाहेर उभी राहिलेली गाडी असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने फ्लोअर टोचून बघायला लाजू नका. मालकाला आधी विचारा, एवढंच.

दुसरी गोष्ट, इंजिन बंद असलेली पण सगळी पूर्ण गाडी परवडते. इंजिन चालू पण ग्रिल, टेललॅम्प, बीडिंग, मीटर, दारांची हँडलं गायब असलेली गाडी परवडत नाही. इंजिन लेथवर उभं करता येतं, डिलाइटचा अस्सल टेललॅम्प लेथवर बनत नाही. तो शोधायला पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात फेऱ्या माराव्या लागतात. तिथं भेटणारी माणसं पुढं दोस्त होतात हे खरं, पण दोस्तीसाठी मुद्दाम टेललॅम्प नसलेली गाडी घेऊ नये.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट सेल्फ मारणं

उत्साहाच्या भरात नवी बॅटरी जोडतात आणि सेल्फ मारतात. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतील तर तिथंच मोडतात. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं पातळ ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या. मग चौथा गिअर टाकून गाडी हळूच पुढेमागे ढकला. इंजिन मोकळं फिरलं तरच सेल्फ.

टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका. ते वार्निशसारखं चिकट होतं आणि टाकीतला गंज घेऊन थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, बसतं. पहिल्यांदा इंजिन उठवताना टाकी बाजूलाच ठेवा, बाटलीतून पेट्रोल द्या. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्याने जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) फुगतात, फाटतात. हे भाग इथेनॉल सोसणारेच लावा. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून सोडू नका, रिकामी करा.

सगळी गाडी एका रविवारी खोलणं

खोलायला चार मित्र लगेच जमतात, जोडायला त्यांच्यातला एकच येतो. प्रत्येक भागाची आधी फोटोत नोंद, मग पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला मास्किंग टेप. इंजिन गरम असताना हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडू नका. ब्लॉक बिडाचा आहे, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ते वाकडं व्हायला वेळ लागत नाही. बसवताना नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) आवळायचे. मिस्त्री म्हणाला, “हाताला कळतं,” तर त्याच्या हातावर विश्वास ठेवा आणि तरी टॉर्क पाना पुढं करा. चिडणार नाही. उलट तुम्ही काम वाचून आलात हे त्याला आवडतं.

बोअरिंग (सिलिंडर आतून कापून सारखा करणं) आणि क्रँक ग्राइंडिंगला कोल्हापूरच्या उद्यमनगरात दिलेलं काम मी पाहिलंय. तिथं एक वयस्क कारागीर पिस्टन बोअरमध्ये उलटा सोडतो, बाजूला फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पट्टी घालतो आणि ती ओढताना हाताला किती धरते यावरून सांगतो, “अजून एक हात होनिंग पाहिजे.” होनिंग म्हणजे सिलिंडर आतून बारीक घासणं. मशीनवर आकडे दिसत असतात, तो ते बघतोही, पण निर्णय पट्टी ओढल्यावरच. अशा माणसाला “किती वेळ लागेल?” हे फोनवर रोज विचारणं ही चूक आहे. जाऊन बसा. चहा सांगा. दोन तासांत मॅन्युअलमध्ये नसलेल्या दहा गोष्टी कळतात.

रंग आधी, जुळवणी नंतर

ही चूक सगळ्यात महाग पडते. रंग सुकला की दार बसवायला घेतात, मग कळतं की दाराची फट वर बोटभर आणि खाली केसाएवढी आहे. दारं, बॉनेट, डिकी, बंपर, क्रोमच्या पट्ट्या हे सगळं कच्च्या पत्र्यावर एकदा पूर्ण बसवून बघायचं, फटी जुळवायच्या, परत काढायचं आणि मगच प्रायमर. सिल कापताना दारं उघडी ठेवून वेल्डिंग करू नका, आतून आधार द्या. नाहीतर बॉडी मधोमध खचते आणि दारं कायमची घासतात.

रंगानंतर एक विचित्र तक्रार हमखास येते. सेल्फ रेंगाळतो, हेडलाइट मिणमिणतात, इंडिकेटर दिला की टेललॅम्प पण लुकलुकतो, आणि चोकची केबल हाताला गरम लागते. लोक डायनॅमो बदलतात, कट-आउट बदलतात, बॅटरीवाल्याशी भांडतात. दोष अर्थिंगचा, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायच्या वाटेचा, असतो. पेंटरने अर्थच्या जागाही सुबक रंगवलेल्या असतात, किंवा इंजिन ते बॉडीची अर्थिंग पट्टी लावायची राहिलेली असते. मग करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो. रंग खरवडा, पट्टी लावा, काम झालं.

एकट्याने करायची नसलेली कामं एकट्याने करणं

ब्रेकमधली हवा काढणं हे दोघांचं काम आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. एकजण सीटवर, एकजण गाडीखाली चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलला पाइप लावून, पाइपचं टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवून. “दाब. दाब. दाब. धर!” खालचा निपल पाव फेरा सोडतो, पेडल फळीला टेकतं, बाटलीत बुडबुडे येतात. “धरून ठेव… आवळला. सोड.” वरच्याने आधी पाय उचलला तर हवा परत आत आणि सगळं पहिल्यापासून. तासभर हे चालतं. ज्यांची एरवी ओळखही झाली नसती, असा बँकेतला अधिकारी आणि रिक्षा चालवणारा पोरगा या तासात एकमेकांना अरे-तुरे करू लागल्याचं मी बघितलंय. शिवी देताना हुद्दा आठवत नाही.

पुढच्या काचेचंही तसंच. रबराच्या खाचेत नायलॉनची दोरी, साबणाचं पाणी, बाहेरून एकजण तळहाताने दाबणार, आतून दुसरा दोरी ओढणार. इथं घाई केली तर काच गेली.

गाडी बंद पडली की कार्ब्युरेटरला बोल लावणं

गाडी थंड असताना छान, पण घाटात गरम झाली की बंद. अर्ध्या तासाने परत चालू. अशा वेळी रस्त्यावर कार्ब्युरेटर खोलू नका. आधी प्लगची वायर काढून स्पार्क बघा. स्पार्क नसेल किंवा पिवळट, कमजोर असेल तर दोष स्पार्क घडवणाऱ्या कंडेन्सरचा किंवा कॉइलचा. कंडेन्सर आधी बदला, तो स्वस्त आहे. स्पार्क निळा, टणक आणि पेट्रोल येत नसेल तर पाइपमध्ये वाफ धरलीय. गाडीतल्या पंपावर ओलं फडकं टाका, थांबा, घरी आल्यावर पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर घ्या. स्टिअरिंगजवळचा गिअर दोन गिअरमध्ये अडकला तर जोर लावू नका. बॉनेट उघडून लिंकेज, म्हणजे गिअरचे दांडे, हाताने न्यूट्रलला आणा. दांड्यांच्या सांध्यांतले बुश झिजलेत, ते बदलायला घ्या.

दोस्तीचा हिशोब

सुटे भाग साठवणारा एकतरी माणूस प्रत्येक शहरात असतो. त्याच्याशी घासाघीस करू नये असं माझं मत. तो बहुधा विकत नसतोच, देत असतो. पण पैसे ठरले असतील तर ते तिथल्या तिथे द्या आणि मिस्त्रीच्या कामाचा आकडा दोघांच्या सहीने कागदावर ठेवा. “आपलं काय, बघून घेऊ” यावर जितकी मैत्री तुटली तितकी कशावरच तुटली नसेल. दुसऱ्याच्या गॅरेजमधला पोरगा जास्त पैसे देऊन फोडू नका. तुमच्याकडे दोन डिस्ट्रिब्युटर कॅप (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाचं झाकण) असतील तर एक त्याला द्या ज्याची गाडी त्यावाचून उभी आहे. हा व्यवहार आहे, परतफेड वेगळ्याच वस्तूत होते. मला माहीत असलेल्या एका पद्मिनीचं स्टिअरिंग व्हील एका जुन्या पाना-सेटच्या बदल्यात आलं.

कागद शेवटी बघणं

आजोबांच्या नावावरची गाडी असेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31 लागतो, खरेदी असेल तर 29 आणि 30. पत्रा बदलताना चेसिस नंबरची पट्टी कापू नका, आरटीओत त्याचाच ठसा घेतात. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळू शकतो, पण तिची बॉडी आणि इंजिन मूळचं असलं पाहिजे आणि ती रोज ऑफिसला नेता येत नाही. म्हणजे मारुतीचं इंजिन बसवायचा सल्ला कुणी दिला तर आधी हे आठवा.

नवं बांधलेलं इंजिन पहिले हजारभर किलोमीटर पन्नासच्या आत चालवा, पाचशेला ऑइल बदला. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट परत टॉर्कवर तपासा. पहिला लांबचा प्रवास खंबाटकी चढायचा नसावा, सपाटीचा असावा, आणि मागे एका दोस्ताची गाडी असावी. डिकीत कंडेन्सर, पॉइंट, फॅन बेल्ट, पाच लिटर पाणी आणि ओढायचा दोर ठेवा. दोर दोघांच्याही गाडीत ठेवला तरी चालेल. कोण कुणाला ओढत आणेल याची खात्री नसते.