वन्यजीव पुनर्वसनात काम करायचंय? तयारी कशी कराल

औषधोपचार आणि शस्त्रक्रिया करायच्या असतील तर पशुवैद्यकाची पदवी हवीच: बारावीला जीवशास्त्र, नीट ही प्रवेशपरीक्षा, मग इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं बीव्हीएस्सी अँड एएच. देखभाल, खाणं-पिणं आणि प्राण्याला परत निसर्गात सोडण्याची तयारी ही कामं मात्र पुनर्वसन केंद्रातच शिकावी लागतात. नागपूरचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर किंवा जुन्नरजवळच्या माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र अशा ठिकाणी काम कसं चालतं ते समजून घ्या. जखमी प्राणी घरी ठेवून सराव करू नका. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला परवानगी देत नाही; वनविभागाला १९२६ वर कळवा.

कामाला लागण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. पूर्वापार वेळापत्रकात ० आणि ७ व्या दिवशी आणि मग २१ किंवा २८ व्या दिवशी मात्रा देतात. धनुर्वाताची लसही घ्या.

सुरुवातीला पिंजरे धुणं, वजन करणं आणि नोंदी ठेवणं हेच काम मिळेल. ते मनापासून करा. प्राणी खचतोय हे आधी वजनकाटा सांगतो, डोळ्यांना ते नंतर दिसतं. पहिल्याच दिवशी फोटोसाठी पिल्लू हातात देणारं केंद्र आम्ही सुचवणार नाही.

संक्रांतीत मांज्याने कापलेल्या घारी येतात, तेव्हा खरा कस लागतो. डोक्यावर टॉवेल टाका आणि आधी दोन्ही पाय धरा, कारण घारीची नखं चोचीपेक्षा घातक असतात. रुतलेला मांजा ओढू नका, जखम खोल जाते. मोकळी टोकं कापा, आतला भाग पशुवैद्यकावर सोडा. पंखाच्या पुढच्या कडेची कातडी आक्रसून भरली तर पंख पूर्ण उघडत नाही. पट्टी जास्त दिवस राहिली तर सांधा आखडतो.

क्रम पाळा: आधी ऊब, मग द्रव, शेवटी मांस. गारठलेल्या, पाणी कमी झालेल्या पक्ष्याला थेट मांस दिलं तर ते पचत नाही, पोटात सडतं. नळीने कोमट द्रव देताना किलोमागे ५० मिलि ही कमाल मर्यादा, म्हणजे ८०० ग्रॅमच्या घारीला ४० मिलि. पहिल्या खेपेला निम्मंच द्या. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशी दिसतं. नळी त्याच्या मागून गेली पाहिजे. चुकली तर द्रव फुप्फुसात जातो. हे अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच शिका.

सोडण्याआधी मोठ्या पिंजऱ्यात घार खालून वर उठते का, वळते का आणि उडाल्यावर तोंड उघडून धापा टाकते का, ते रोज पाहा. दोन्ही पंख सारखे उघडत नसतील तर थांबा.