सुई मारा म्हणायच्या आधी

तासगाव तालुक्यात येरळेकाठच्या एका गावात माझा दवाखाना आहे, बावीस वर्षं झाली. सकाळी नऊला शटर वर जातं तेव्हा बाकावर चार-पाच आया पोरं घेऊन बसलेल्याच असतात. पहिलं वाक्य ठरलेलं. "म्याडम, लई ताप हाय, एक सुई मारा." किती ताप? "अंग नुसतं भाजतंय." कधीपासनं? "काल-परवापासनं." वजन किती? इथं आई सासूकडं बघते आणि सासू माझ्याकडं.

म्हणून सगळ्यात आधी एक वही करा. शाळेची जुनी, अर्धी उरलेली चालेल. अंगणवाडीत वजन होतं त्या दिवशी आकडा लिहून घ्या, मोठ्या पोरांचं किराणा दुकानातल्या काट्यावर केलं तरी हरकत नाही. लहान मुलांचं औषध वजनावर ठरतं. "तीन वर्षांचं आहे" म्हणून मला फार कळत नाही, कारण तीन वर्षांची दहा किलोची पोरं मी बघते आणि सोळा किलोचीही. दुसरी वस्तू म्हणजे डिजिटल थर्मामीटर. काखेत धरायचा, टीं वाजेपर्यंत काढायचा नाही. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर ताप. अंग भाजणं हा आकडा नव्हे. चुलीपाशी बसलेल्या आजीच्या हाताला सगळीच पोरं गार लागतात.

आता पॅरासिटामॉलचं गणित. ते एकदा शिकलात की रात्री दोन वाजता मला फोन करायची गरज उरणार नाही (केलात तरी मी उचलते, पण कुरकुरते). एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवर "५ मिलीत १२५" लिहिलं असेल तर दहा किलोच्या पोराला १५ च्या हिशेबाने ६ मिली. "५ मिलीत २५०" असेल तर त्याच पोराला ३ मिली. आणि ड्रॉपर असलेली इवलीशी बाटली असते तिच्यात बहुतेक वेळा एकाच मिलीत १०० असतं, म्हणजे दीड मिली.

हा फरक मी पाठ म्हणून सांगत नाही, पस्तावून सांगतेय. सुरुवातीच्या वर्षांत आठ किलोच्या एका बाळाला मी चिठ्ठीवर "५ मिली" लिहिलं. मनात सिरप होतं. घरात आधीची ड्रॉप्सची बाटली पडून होती, नाव तेच. मग नवीन कशाला आणा? आजीने ड्रॉपर बाजूला ठेवला आणि चमचा भरून पाजलं, रात्री एकदा, पहाटे एकदा. चौपट डोस दोनदा गेला. सकाळी बाटली हातात घेतल्यावर माझ्याच पोटात खड्डा पडला. मिरजेला पाठवलं, दोन दिवस ठेवून घेतलं, यकृताच्या तपासण्या नीट आल्या. चूक आजीची नव्हती, मी कुठली बाटली ते लिहिलं नव्हतं. तेव्हापासून बाटली आणायला सांगते आणि सिरिंजवर पेनने रेघ मारून देते. तुम्हीही घरातली बाटली पिशवीत टाकून आणा. पोह्याच्या चमच्याने औषध देऊ नका.

तापात गोधडीत गुंडाळू नका, बर्फाच्या पाण्याने पुसू नका. सुती कपडा घाला, थोडं थोडं पाजत राहा. मोठ्यांची निमेसुलाइड किंवा ॲस्पिरिन मुलांना नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्यांसाठी २०११ पासून बंद आहे, तरी घरच्या डब्यातून निघतेच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर गणित करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. मोठं मूलही ताप उतरल्यावर खेळत नसेल, मान ताठ धरत असेल, अंगावर जांभळे ठिपके दिसले, किंवा तीन दिवस झाले तरी ताप जाईना, तर थांबू नका. पावसाळ्यानंतर डेंगी असते. त्यात ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि धोका नेमका तेव्हा सुरू होतो. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं हे ताप गेल्यावर दिसलं तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. डेंगीचा संशय असताना आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉलच.

तापात आकडी आली तर कुणीतरी कांदा फोडतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी दातांत चमचा घालतो. यातलं काहीच करू नका. पोराला एका कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. थांबली तरी त्याच दिवशी दाखवा.

जुलाबाला मी मुद्दाम जास्त जागा देते, कारण इथं सलाईनचा फार लळा आहे. पोराला सलाईन लागली की घरच्यांना उपचार झाल्यासारखं वाटतं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनोबिस यांना पटकीच्या साथीत सलाईन पुरेना. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. माणसं वाचली. तेच हे ओआरएस.

पण पुडी कालवतात कशी, ते मी एकदा एका घरी बसून बघितलं. आईने मोठी पुडी फोडली, चिमूटभर पूड पेल्यात टाकली, उरलेली पुडी दुमडून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. वाया जाऊ नये म्हणून! तसं केलं की मीठ-साखरेचं माप बिघडतं. मोठी पुडी सबंध एक लिटरला, एकाच वेळी. लिटरची पाण्याची बाटली धुऊन तिच्यात उकळून गार केलेलं पाणी गळ्यापर्यंत भरा, सगळी पुडी ओता, हलवा. चोवीस तासांनी उरलेलं झाडाला घाला. दोनशे मिलीची छोटी पुडी असेल तर एक फुलपात्र, पण आधी त्या फुलपात्रात किती मावतं ते मोजा. घरी पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटाने रेघ ओढून.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्याला अर्धी ते एक वाटी, मोठ्याला एक ते दोन वाट्या, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा. सोबत झिंक: सहा महिन्यांपुढच्यांना रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, जुलाब थांबले तरी पुरे चौदा दिवस. अंगावरचं दूध चालू ठेवा. मऊ भात, ताक, केळं द्या, उपाशी मारू नका. संडास बांधायची गोळी मुलांना नको. टेट्रापॅकमधली गोड सरबतं ओआरएस समजून आणू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांच्यावर तो शब्द छापायलाच मनाई केली. आणि वहीत लघवीची वेळ लिहा. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, पोर पीत नाही, संडासात रक्त आहे, तर मग सलाईनचं मीच बघते.

खोकल्याला घरात सिरपची रांग असते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याला विषारी सिरपने मुलं गेली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्यांना सर्दी-खोकल्याची औषधं नकोतच आणि पाचच्या आत सहसा देऊ नयेत असं बजावलं. साधा खोकला आपोआप जातो, दोन आठवडेही घेतो. वर्षावरच्या पोराला रात्री अर्धा चमचा मध द्या. वर्षाच्या आत मध नाही, बाळगुटीतही नाही.

तुम्ही मोजायचा तो श्वास. पोर शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगातलं वर करून पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. आकडा तेवढा किंवा जास्त आला, किंवा श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात आणि आठवडाभर माझ्याकडं धापेची पोरं येतात. "पंप नको म्याडम, सवय लागती." सवय लागत नाही. उलट गोळीपेक्षा पंपातून, म्हणजे दम्याच्या इनहेलरमधून, औषध कमी लागतं आणि नेमकं फुप्फुसात जातं. पण पंप थेट तोंडात मारला तर बरंचसं औषध घशाला चिकटतं, स्पेसर हवा, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मध्ये धरायची पोकळ नळी. तो परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, साबणाच्या पाण्याने धुऊन तशीच वाळू द्या. तापवलेल्या तारेने बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा, पंप बसवून फटीला चिकटपट्टी लावा. पोराने बाटलीचं तोंड ओठांत घट्ट धरायचं. पंप हलवा, एकच दाब, मग सावकाश पाच-सहा श्वास. दुसरा दाब त्यानंतर. चार वर्षांच्या आतल्याला मास्क लागतो, त्याला बाटली जमत नाही.

जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळेत, अंगणवाडीत मिळते, ती चुकवू नका. दहाव्या आणि सोळाव्या वर्षाची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस मात्र सगळे विसरतात.

आता मोठी पोरं. परवा नववीतली एक मुलगी आली, प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली होती. खालची पापणी ओढली तर आत कागदासारखं पांढरं. हिमोग्लोबिन ८.६, हवं होतं १२. सकाळी पावणेसातची एसटी, पोटात फक्त चहा-खारी. आईला बाहेर बसवल्यावर कळलं की पाळी नऊ-नऊ दिवस चालते आणि शाळेत बदलायला जागा नाही म्हणून ती एकाच पॅडवर दिवस काढते. सात दिवसांवर पाळी, दर तास-दोन तासाला भिजणारं पॅड, मोठ्या गाठी, यातलं काही असेल तर दाखवायला आणा. पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागंपुढं होते, त्याला घाबरू नका. पंधरावं संपत आलं तरी आलीच नाही, तर मात्र या.

लोहाची गोळी जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. चहा गोळीच्या आणि जेवणाच्या तासभर आधी-नंतर नाही, तो लोह अंगाला लागू देत नाही. संडास काळी होईल, होऊ दे. हिमोग्लोबिन भरल्यावरही निदान तीन महिने गोळी चालू ठेवायची.

तालमीतल्या पोरांचा नायटा हे आमचं खास दुखणं. एकाला झाला की आखाड्याला होतो. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने चार दिवसांत खाज थांबते, कारण त्यात क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन हे स्टिरॉइड असतं; ते खाज दाबतं, बुरशी मारत नाही. महिन्यात तो नायटा तव्याएवढा होऊन परत येतो. ट्यूबवर ही नावं दिसली तर लावू नका. नुसतं बुरशीचं मलम, डागाच्या बोटभर बाहेरपर्यंत, डाग गेल्यावरही दोन आठवडे. लंगोट रोज धुऊन कडक उन्हात, टॉवेल ज्याचा त्याला. तोंडावरच्या पुटकुळ्यांनाही गोरेपणाची मलमं नकोत.

बारा वर्षांपुढचं कुणीही आलं की मी पालकांना दहा मिनिटं बाहेर बसवते. वडिलांना आवडत नाही. पोराला आधीच सांगते की तुझ्या जिवाला धोका असेल तर घरी सांगावं लागेल, बाकी इथंच राहील. मग जेवण, झोप, शाळा, मित्र, मोबाईल, मावा असं विचारत जाते. शेवटी सरळ विचारते, मरून जावं असं वाटतं का? विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उलट बरीच पोरं खांदे पाडून रडतात.

दहावीतला एक मुलगा डोकेदुखी घेऊन तीनदा आला होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हो म्हणाला. वडील आत आले, म्हणाले, "टॉनिक द्या." मी विचारलं, द्राक्षावर फवारायची औषधं कुठं ठेवता? सोप्यातल्या कोनाड्यात, उघडी. त्या दिवशी मी टॉनिक दिलं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकट नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये भरला, मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आणि वडिलांना सांगितलं, संध्याकाळच्या आत औषधं घरातनं हलली पाहिजेत. रात्री आठला त्यांचा फोन आला. सगळं मळ्यातल्या खोलीत नेलं होतं, कुलूप लावलं होतं. किल्ली कुठं ठेवू, असं विचारत होते. म्हटलं, स्वतःच्या करगोट्याला बांधा.