‘ते खरे ख्रिस्ती नव्हतेच’ या युक्तिवादाला उत्तर कसं द्यायचं

गोव्यातलं इन्क्विझिशन (धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) किंवा अमेरिकेतली गुलामगिरी, असा विषय निघाला की ख्रिस्ती धर्माची बाजू लढवणारा बहुधा एक वाक्य पुढे करतो: ते करणारे खरे ख्रिस्ती नव्हतेच. यावर लगेच तुटून पडू नका, कारण त्यात तथ्य असू शकतं. बाप्तिस्मा झालेल्या एखाद्यानं खिसा कापला म्हणून येशू जबाबदार ठरत नाही. म्हणून ‘धर्म जबाबदार आहे की नाही’ असा घाऊक वाद घालू नये. एकेक कृत्य घ्यावं आणि त्याची जबाबदारी कुठवर पोचते ते बघावं.

आधी कसोटी ठरवून घ्या, आणि तीही उदाहरण देण्यापूर्वी. विचारा, ‘खरा ख्रिस्ती कशावरून ओळखायचा? बाप्तिस्म्यावरून, श्रद्धेवरून, की वागण्यावरून?’ उत्तर लेखी असेल तर उत्तम. उदाहरण आधी दिलंत तर कसोटी त्याच्याकडे बघून ठरते आणि मग वाद संपत नाही. बाप्तिस्मा आणि श्रद्धा ही कसोटी असेल तर इन्क्विझिशनचे न्यायाधीश ख्रिस्तीच होते. वागणं ही असेल (मत्तय ७:१६ पुढे येईलच, फळांवरून ओळखण्याचं वचन) तर पुढचं विचारा: शाळा-दवाखाने काढणाऱ्यांचं श्रेय धर्माला देता ना? मग चांगलं झालं ते धर्मामुळे आणि वाईट झालं ते धर्म सोडल्यामुळे, असा हिशेब चालणार नाही.

कसोटी ठरली की प्रत्येक प्रकरणात चार गोष्टी तपासा. धर्मग्रंथात आधार होता का? अधिकार असलेल्यानं आदेश दिला का? संस्थेनं तो राबवला का? आणि नंतर त्या संस्थेनं काय जबाब दिला? चारही सापडले तर ‘काही वाट चुकलेली माणसं’ हे उत्तर पुरत नाही. एकही सापडलं नाही तर तुमचा आरोप मागे घ्या.

गोव्याचं प्रकरण असं तपासता येतं. पोर्तुगालमधलं इन्क्विझिशन १५३६ मध्ये पोपच्या आज्ञापत्रानं सुरू झालं, गोव्यात न्यायासन आलं १५६० मध्ये. ते १७७४ मध्ये बंद झालं, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं संपलं. १७३६ च्या फर्मानात दारात तुळस लावणं, मीठ न घालता भात शिजवणं अशा घरगुती चालींवरही बंदी होती. ‘ते पोर्तुगीज राज्याचं काम, चर्चचं नव्हे’ असं कोणी म्हटलं तर राजाचा हात होता हे कबूल करा. पण न्यायाधीश धर्मगुरू होते आणि मुख्य गुन्हा होता बाप्तिस्मा घेऊनही जुन्या चाली न सोडणं, हेही सांगा. नुसती सत्तेची हाव असलेल्याला कोणाच्या भातात मीठ आहे की नाही, याचं काय पडलं असतं?

आपली, म्हणजे धर्मावर आक्षेप घेणाऱ्यांची, बाजू इथेच सगळ्यात जास्त घसरते. ‘लाखो लोकांना जाळलं’ असं लिहिलं की समोरचा तेवढा एक आकडा खोडतो आणि बाकीचं सगळं त्याबरोबर वाहून जातं. नोंदींतून मोजलेले खटले सोळा हजारांच्या वर आहेत, पण मृत्युदंड त्या मानानं थोडे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘फ्रान्सिस झेवियरनं इन्क्विझिशन आणलं’. या मिशनऱ्यानं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून ते मागितलं होतं हे खरं, पण तो वारला १५५२ मध्ये. आणि आजच्या गोव्यातल्या कॅथलिक माणसाकडे बोट दाखवू नका. ज्यांच्या चुलीवर पाळत होती, त्यांच्याच वंशजांपैकी तो असण्याची शक्यता जास्त.

गुलामगिरीच्या वादात ग्रंथाची दोन्ही पानं आधीच वाचून ठेवा. एकीकडे लेवीय २५:४४-४६ (परक्यांना गुलाम म्हणून विकत घेण्याची मुभा) आणि इफिसकर ६:५ (दासांनो, धन्याची आज्ञा पाळा), दुसरीकडे निर्गम २१:१६ (माणूस पळवून विकणाऱ्याला मृत्युदंड) आणि गलतीकर ३:२८ (ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही). मग ‘बायबलनं गुलामगिरी आणली’ असं म्हणवणार नाही. ‘बायबलनं ती थोपवली नाही, दोन्ही पक्षांना वचनं मिळाली’ एवढंच टिकतं, आणि तेवढं पुरे आहे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेला ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स याचं नाव आलं तर तो श्रद्धावंत ख्रिस्ती होता हे मोकळेपणानं मान्य करा. मग सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा अमेरिकेतला प्रोटेस्टंट चर्चसंघ १८४५ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमण्याच्या वादातून स्थापन झाला, हे समोर ठेवा. त्याच वर्षी गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसनं गुलाम-मालकांचा धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म यांत फरक केला होता. ‘खरा ख्रिस्ती’ या युक्तिवादाचं सगळ्यात भक्कम रूप ते हेच. फरक इतकाच की डग्लसनं तो चर्चला सोडवायला नव्हे, चर्चला पकडायला वापरला.

माफीनामा शब्द न् शब्द वाचा. सदर्न बॅप्टिस्टांनी १९९५ मध्ये आपल्या स्थापनेतला गुलामगिरीचा वाटा मान्य केला. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी क्षमा मागितली, पण चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल; चर्च स्वतः पवित्रच राहिलं. म्हणजे ज्या वाक्यापासून आपण सुरुवात केली, त्याचीच ही अधिकृत आवृत्ती.

नास्तिकांनीही अत्याचार केले, हे दाखवायला स्टॅलिन आणि माओ येणारच. ‘त्यांचा नास्तिकतेशी संबंध नव्हता’ असं म्हणालात की तुम्हीही तेच करताय. सोव्हिएत राज्यानं धर्मविरोधी संघटना पोसली, चर्चं बंद केली, पाद्री मारले. आदेश आणि संस्था दोन्ही आहेत, तेव्हा तो भाग पदरात घ्या. दुष्काळाचे आणि पक्षांतर्गत शुद्धीकरणाचे बळी वेगळे मोजा.

महाराष्ट्रात पुढचा प्रश्न जातीचा येतो, आणि तो रास्त आहे. ‘अस्पृश्यता खऱ्या हिंदू धर्मात नव्हतीच’ असं म्हणणाऱ्याला इन्क्विझिशनवर बोलण्याचा हक्क उरत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा बोट थेट ग्रंथावर ठेवलं होतं, वाट चुकलेल्या चार माणसांवर नव्हे.

‘देव नसेल तर वाईट कशाला म्हणता?’ हा निराळा वाद आहे. त्यात शिरू नका. ‘तुमच्याच मापानं मोजतोय’ एवढं सांगून मूळ मुद्द्यावर या.

समोरच्यानं ‘हो, इथे चर्च जबाबदार होतं’ असं मान्य केलं की थांबा. ‘म्हणजे देव नाहीच’ हे त्यातून निघत नाही. तसं ओढायला गेलात तर मिळालेली कबुलीही तो परत घेईल.