आघात सोसलेल्या मुलांसोबत चित्रे काढताना

आगीत घर गमावलेले, सीना नदीच्या पुरातून बाहेर काढलेले, जवळच्या माणसाचा मृत्यू डोळ्यांसमोर पाहिलेले किंवा घरात रोज मारहाण सोसणारे मूल आपल्याला काय झाले ते बहुधा सांगू शकत नाही, कारण भयाची आठवण त्याच्याजवळ शब्दांपेक्षा दृश्ये, आवाज, वास आणि शरीरातील संवेदना यांच्या रूपात राहिलेली असते. अशा मुलाला कागद आणि रंग मिळाले, तर त्याला बोलण्याची सक्ती न होता व्यक्त होता येते. कलोपचार, म्हणजे कलेच्या साहाय्याने केलेला मानसिक उपचार, हे प्रशिक्षित व्यक्तीचे काम आहे. तथापि सोलापुरातील शिक्षिका, अंगणवाडी सेविका आणि पालक यांना सुरक्षितपणे करता येईल असेही त्यात बरेच काही आहे.

आरंभ वेळ आणि जागा यांपासून करावा. आठवड्यातील ठरावीक वारी, ठरावीक कोपऱ्यात, साधारण पाऊण तास बसावे आणि वेळ संपण्यापूर्वी मुलाला तशी कल्पना द्यावी, कारण ज्याचे जग एका क्षणात उलटले आहे, त्याला पुढे काय होणार हे आधी कळणे हाच मोठा दिलासा असतो. पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, इतरत्र कन्नड किंवा उर्दू. मुलाने चित्राविषयी घरच्या भाषेत बोलावे, शाळेच्या मराठीचा आग्रह धरू नये.

साहित्य निवडताना त्यावर मुलाचा ताबा किती राहतो याचा विचार करावा. पेन्सिल आणि तेलखडू हाताच्या ताब्यात राहतात, तर पातळ जलरंग पसरतात, म्हणून घाबरलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी जलरंग देणे टाळावे. शाडूची माती दाबता, आपटता, मोडता येते. रागावलेल्या मुलांना ती फार उपयोगी पडते. आपल्या गावात आणखी एक साधन सहज मिळते, ते म्हणजे चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांत उरलेले रंगीत सूत. जाड पुठ्ठ्याच्या दोन कडांना खाचा पाडून उभे धागे ताणावेत आणि मुलाला आडवा धागा एकदा वरून, एकदा खालून घालू द्यावा. ही एकसारखी लय अस्वस्थ शरीराला शांत करते, शिवाय चित्र काढायला संकोचणारे मूलही विणायला बसते. मात्र आग किंवा अपघात मागाजवळच घडला असेल, तर सूत बाजूला ठेवावे.

‘काय झाले ते काढून दाखव’ असे मुलाला कधीही सांगू नये. यावर माझा सर्वाधिक भर आहे. दुसऱ्या महायुद्धात तेरेझीन या नाझींच्या छावणीत बंदी असताना फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीने मुलांना कला शिकवली. तिथल्या मुलांची सुमारे ४,५०० चित्रे आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत आणि त्यांत छावणीच्या दृश्यांबरोबर फुले, फुलपाखरे व घरेही भरपूर आहेत. विषय मुलाचा असावा. त्याला काही सुचत नसेल, तर सुरक्षित वाटणारी जागा, आवडता प्राणी किंवा गड्ड्याच्या यात्रेतला पाळणा सुचवावा. भीतीचा प्रसंग यायचा असेल तर तो त्याच्या वेळेने कागदावर येईल.

चित्र पाहून निदान करू नये. काळा रंग म्हणजे नैराश्य, दारे नसलेले घर म्हणजे कोंडमारा, असे ठोकताळे विश्वासार्ह नाहीत. कधी काळा खडू सर्वांत जवळ पडलेला असतो, एवढेच. ‘छान’ असा शेराही देऊ नये, कारण मग मूल आपल्याला आवडेल तेच काढू लागते. ‘इथे खूप जोर लावलास’, ‘या चित्राबद्दल काही सांगायचे आहे का?’ एवढे पुरे, आणि त्याने नाही म्हटले तर तेही मान्य करावे. मूल थिजले, थरथरू लागले किंवा श्वास जलद झाला, तर काम थांबवून पाय जमिनीवर टेकवायला, पाणी प्यायला आणि खोलीतील पाच वस्तूंची नावे सांगायला लावावे.

चित्र मुलाच्या मालकीचे असते. त्याच्या परवानगीशिवाय ते भिंतीवर लावू नये, पालकांच्या व्हॉट्सॲप गटात तर मुळीच टाकू नये; फाडायचे असेल तर फाडू द्यावे.

झोप उडणे, अंथरूण ओले करणे, एकच भयंकर खेळ पुन्हापुन्हा खेळणे हे महिन्याहून अधिक टिकले, तर सिव्हिलमधील मानसोपचार विभागात न्यावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला घ्यावा. स्वतःला इजा करण्याची किंवा मरणाची भाषा मुलाने केली, तर महिनाभर थांबू नये, त्याच दिवशी न्यावे. त्याने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितले, तर शांतपणे ऐकून त्याचेच शब्द लिहून ठेवावेत, खोदून विचारू नये आणि लगेच पोलिसांना कळवावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते बंधनकारक आहे. चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावरही मदत मिळते.