नागपुरात नवीन आलात? खोली झाली की सबनेटिंग उरका

साताऱ्याहून नागपुरात येऊन मला आता पंधरा वर्षं होतील. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे नेटवर्कच्या कामाला नवीन पोरं येतात. कोणी सांगलीचं, कोणी बीडचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे प्रश्न तेच: खोली कुठं बघू, जेवणाचं काय, आणि हे सबनेट मास्क प्रकरण नक्की असतं काय? पहिल्या दोन प्रश्नांचं लगेच सांगून टाकतो.

काम परसोडीच्या आयटी पार्कात असेल तर प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर बघा. मिहानमध्ये असेल तर मेट्रोच्या ऑरेंज लाइनजवळ खोली घ्या आणि खापरीला उतरा. सकाळी तर्री-पोहे, दुपारी मेस. सावजी पहिल्याच आठवड्यात खाऊ नका, हे मी सोसून सांगतोय. कुलर मार्च लागायच्या आत घ्या. आणि कोणी ‘पिंग नाही होऊन राहिला जी’ (म्हणजे पलीकडचं मशिन हाकेला ओ देत नाही) म्हणालं तर हसू नका, सहा महिन्यांत तुम्हीही तसंच बोलाल.

आता आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा मशिनचा पत्ता. चार आकडे, मध्ये टिंबं, प्रत्येक आकडा ० ते २५५. आतून हे सगळे मिळून ३२ बिट, म्हणजे ३२ शून्यं-एकं. हे ऐकून पोरं लगेच बायनरीची वही काढतात. थांबा, आधी पिनकोड घ्या. आपल्याकडे पिन आला १५ ऑगस्ट १९७२ला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून. नागपूरचा पिन ४४०नं सुरू होतो. मुंबईत टपाल वेगळं करणाऱ्याला ४४० दिसलं की पत्र नागपूरच्या थैलीत पडतं. पुढचे तीन आकडे बघायचं त्याला कारणच नाही, ते इथं आल्यावर बघायचे. आयपीचंही तसंच आहे. सुरुवातीचा भाग नेटवर्कचा, शेवटचा मशिनचा. फरक एवढाच की पिन कुठं तोडायचा हे कायमचं ठरलंय आणि आयपी कुठं तोडायचा हे प्रत्येक नेटवर्कला वेगळं सांगावं लागतं. ते सांगतो तो मास्क.

पूर्वी आयपीतही तोडायच्या जागा ठरलेल्या होत्या, ए, बी, सी असे क्लास होते. सी क्लासमध्ये २५४ मशिनी बसायच्या, बीमध्ये ६५,५३४. तीनशे मशिनीवाल्यानं करायचं काय? बी घ्यायचा आणि बाकीचे पत्ते कुजवायचे. १९९३मध्ये सीआयडीआर ही पद्धत आली आणि हवं तिथं तोडायची मोकळीक मिळाली. मुलाखतीत अजून क्लास विचारतात, तेव्हा पाठ करा, सांगा आणि विसरा.

समजा ऑफिसला १९२.१६८.१०.० स्लॅश २४ आहे. म्हणजे पहिले २४ बिट नेटवर्कचे, उरलेले ८ मशिनींचे, एकूण २५६ पत्ते. आता त्या आठांतले दोन बिट नेटवर्ककडे ओढा. झाला स्लॅश २६, मास्क २५५.२५५.२५५.१९२. चार तुकडे, म्हणजेच सबनेट, पडले, प्रत्येकात ६४ पत्ते, सुरुवात ०, ६४, १२८ आणि १९२ला. हे ६४ कुठून आले? २५६मधून मास्कचा शेवटचा आकडा वजा करा. प्रत्येक तुकड्यातला पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (तुकड्यातल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा), ते मशिनला द्यायचे नाहीत. हाती राहिले ६२.

एका तुकड्यातली मशिनं आपसांत थेट बोलतात. दुसऱ्या तुकड्यात जायचं तर गेटवेतून, म्हणजे राउटरमधून जावं लागतं. खापरीहून जयप्रकाशनगरला जाताना गाडी बदलावी लागत नाही, पण लोकमान्यनगर गाठायचं तर सीताबर्डीला उतरून अ‍ॅक्वा लाइन पकडावीच लागते. गेटवे म्हणजे तुमची सीताबर्डी.

गंमत अशी की उतरायचं की नाही हे मशिन स्वतःच ठरवतं, आणि ठरवतं फक्त मास्क बघून. माझ्या पहिल्या महिन्यात अकाउंट्सच्या मॅडमचं मशिन मीच लावलं होतं. ऑफिस असंच स्लॅश २६च्या तुकड्यांत होतं. आयपी १९२.१६८.१०.७०, गेटवे ६५ (यापुढे शेवटचा आकडाच सांगतो). दुपारी फोन आला, इंटरनेट चालू आहे पण टॅली उघडत नाही. टॅलीचा सर्व्हर १३०वर. मी केबल दोनदा बदलली, स्विचचं पोर्ट बदललं. पिंग मारला तर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’, आणि हे उत्तर ७०च देतोय, म्हणजे मशिन स्वतःच स्वतःला नाही म्हणतंय! तेवढ्यात आमचा इथलाच एक सीनियर मागं येऊन उभा राहिला. ‘काऊन बे, मास्क पाहिला काय?’

आयपी टाकून मास्कच्या खान्यात गेलं की विंडोज आपलं आपणच २५५.२५५.२५५.० भरतं. तो जुना सी क्लास अजून तिथं बसलाय. मी ते तसंच ठेवलं होतं. सीनियरनं चहाच्या बिलामागं दोन ओळी लिहिल्या. ७० म्हणजे ०१०००११०, १३० म्हणजे १०००००१०. पहिल्या दोन बिटांखाली रेघ मारली, ०१ आणि १०. दोघं वेगळ्या तुकड्यांत. पण मॅडमच्या मशिनला हे दोन बिट नेटवर्कचे आहेत हेच माहीत नव्हतं. ते १३०ला शेजारी समजून शेजारातच हाका मारत बसलं, गेटवेकडे गेलंच नाही. इंटरनेट मात्र कुठल्याही मास्कनं बाहेरचंच, म्हणून ते चालत होतं. शेवटचा ० काढून १९२ टाकला, टॅली उघडलं. पोह्यांचे पैसे मी दिले.

काही राउटर अशा वेळी ‘मीच १३०’ असं खोटं उत्तर देऊन निरोप पोचवतात. मग चूक वर्षानुवर्षं झाकली जाते आणि ज्या दिवशी राउटर बदलता त्या दिवशी तुमच्या नावावर बाहेर पडते.

दोन किरकोळ गोष्टी. मशिनवर १६९.२५४नं सुरू होणारा आयपी दिसला तर डीएचसीपीकडून (मशिनींना आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेकडून) काही मिळालेलं नाही, आधी तिकडे बघा. आणि नवीन ऑफिसला १९२.१६८.१ देऊ नका. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे पट्टे खासगी वापरासाठीच राखलेले आहेत, त्यात जागा भरपूर आहे. १९२.१६८.१ अनेक घरगुती राउटरांत कंपनीतूनच येतो. ऑफिसलाही तोच असला की खोलीवरून व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची वाट) लावल्यावर मशिनला ऑफिसचा सर्व्हर घरातलाच वाटतो. झालंच तसं तर खोलीच्या राउटरचा पट्टा बदलून टाका, पण घरमालकांना विचारून. त्यांचा टीव्हीही त्याच राउटरवर असतो.