जुने बालपुस्तक मुलांच्या हाती देण्यापूर्वी

एनिड ब्लायटन किंवा रोआल्ड डाल यांची इंग्रजी पुस्तके आपल्याकडे अनेक घरांत दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत वाचली जात आहेत. ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना वर्ण, देहयष्टी, स्त्रिया किंवा वसाहतींतील लोक यांविषयीचे एखादे वाक्य असे येते की पालक अडखळतो. प्रकाशकांनी हे मजकूर बदलावेत का, या वादात माझे मत स्पष्ट आहे: लेखकाच्या पश्चात त्याचे शब्द बदलू नयेत, आणि बदललेच तर कोठे काय बदलले ते वाचकाला दिसेल अशा रीतीने छापावे. मात्र कोणतेही पुस्तक कोणत्याही वयाच्या मुलाला जसेच्या तसे द्यावे, असा याचा अर्थ नाही. निवड करण्याचे आणि समजावून सांगण्याचे काम मग मोठ्यांवर येते, आणि ते कसे करावे हे येथे सांगितले आहे.

सर्वप्रथम हातातली आवृत्ती कोणती आहे ते पाहावे. मुखपृष्ठावरून ते कळत नाही. त्यासाठी आतले श्रेयपान, म्हणजे प्रकाशक, हक्क व आवृत्ती यांची माहिती छापलेले पान, उघडावे, प्रथम प्रकाशनाचे वर्ष आणि या आवृत्तीचे वर्ष यांतील अंतर पाहावे आणि त्या पानावरचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचावा. २०२३ साली गाजलेल्या डाल यांच्या सुधारित आवृत्त्यांत भाषेचा नियमित आढावा घेतला जातो, अशा आशयाची सूचना याच पानावर होती; पण शेकडो बदलांपैकी एकही तेथे नोंदलेला नव्हता. मोठा गदारोळ झाल्यावर त्याच वर्षी प्रकाशकाने मूळ मजकुराच्या सतरा पुस्तकांचा वेगळा संच काढण्याचे जाहीर केले, त्यामुळे आता एकाच नावाची दोन वेगळी पुस्तके बाजारात आढळू शकतात. विकत घेताना दुकानदाराला नुसते नाव न सांगता आवृत्तीही सांगावी. ई-पुस्तक असेल तर अधिक सावध राहावे, कारण विकत घेतलेला मजकूरही विक्रेत्याच्या यंत्रणेतून नंतर बदलला जाऊ शकतो.

त्यानंतर बदल कोणी केला हे शोधावे, कारण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक तेथेच पडतो. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ १९६४ मध्ये प्रथम निघाले तेव्हा कारखान्यातले ऊम्पा-लूम्पा हे आफ्रिकेतून आणलेले, कोकोच्या बियांच्या मोबदल्यात राबणारे पिग्मी, म्हणजे ठेंगण्या आफ्रिकी जमातीचे लोक, होते. त्यावर अमेरिकेत तीव्र टीका झाली आणि १९७३ च्या आवृत्तीत खुद्द डाल यांनीच त्यांचे रूप व मूळ ठिकाण बदलले. बेल्जियन चित्रकार एर्जे यांनी आपल्या चित्रकथांचा नायक टिनटिन याच्या, तेव्हा बेल्जियमची वसाहत असलेल्या काँगोतील सफरीचे १९४६ मध्ये नव्याने रेखाटन करताना ‘तुमचा देश बेल्जियम’ असे आफ्रिकी मुलांना शिकवणारा धडा काढून तेथे गणिताचा तास घातला. पी. एल. ट्रॅव्हर्स यांनी ‘मेरी पॉपिन्स’मधील एका प्रकरणात जगाच्या चार दिशांना भेटणाऱ्या माणसांच्या जागी अखेर प्राणी आणले. हे लेखकाचे स्वतःचे पुनर्लेखन आहे, तो त्याचा अधिकारच आहे, आणि अशी आवृत्ती निःशंकपणे घ्यावी.

लेखकाच्या मृत्यूनंतरचे बदल मात्र एकेक करून तपासावेत. दोन्ही आवृत्त्या मिळाल्या तर एखादेच प्रकरण शेजारी ठेवून वाचावे. डाल यांच्या ‘मटिल्डा’मध्ये खोलीत बसून पुस्तकांच्या आधारे जगभर हिंडणाऱ्या मुलीचे सुंदर वर्णन आहे: ती कॉनराडबरोबर जुन्या काळच्या शिडाच्या जहाजांतून जाते, हेमिंग्वेबरोबर आफ्रिकेत आणि किपलिंगबरोबर भारतात. नव्या मजकुरात कॉनराडची जागा जेन ऑस्टिनने घेतली, आणि किपलिंग गेला तसा भारतही गेला; मटिल्डा आता स्टाइनबेकबरोबर कॅलिफोर्नियात जाते. किपलिंगच्या साम्राज्यवादी विचारांवर टीका करण्याचा सर्वाधिक हक्क आपल्याला आहे, पण पुण्यात किंवा नागपुरात बसून हे वाचणाऱ्या मुलीला किपलिंगने कोणता भारत पाहिला हे विचारण्याची संधीच त्या बदलाने हिरावून घेतली.

वगळणे, बदलणे आणि भर घालणे यांत भर घालणे मला सर्वाधिक अनुचित वाटते. डाल यांच्या ‘द विचेस’मध्ये चेटकिणी टकल्या असून केसांचे टोप वापरतात, असे आहे. सुधारित आवृत्तीत तेथे, स्त्रिया इतर अनेक कारणांनी टोप वापरू शकतात आणि त्यात काही गैर नाही, अशा अर्थाचे वाक्य जोडले गेले. आजारपणात केस गेलेल्या बाईचा आदर मुलांना शिकवायलाच हवा, पण ते वाक्य डाल यांच्या तोंडी घालणे खोटे आहे; तळटीप किंवा प्रस्तावना त्यासाठीच असते. केवळ भाषा ‘आजची’ करण्यासाठीचे बदल तर टिकतही नाहीत. ब्लायटन यांच्या ‘फेमस फाइव्ह’ची भाषा २०१० मध्ये बदलली गेली आणि २०१६ मध्ये प्रकाशकाने ते बदल मागे घेतले.

आता मुलाच्या वयाचा विचार करावा. अजून स्वतः न वाचणाऱ्या मुलावर शब्दांपेक्षा चित्रांचा परिणाम खोल होतो आणि चित्राला संदर्भ जोडून समजावणे त्या वयात फारसे साधत नाही. अमेरिकी बालचित्रपुस्तकांचे लेखक डॉ. सूस यांच्या पुस्तकांची जबाबदारी सांभाळणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये सहा पुस्तकांचे प्रकाशन थांबवले, ते त्यांतील आशियाई व आफ्रिकी माणसांच्या हिणकस चित्रणामुळे. अशी चित्रे असलेले पुस्तक चार-पाच वर्षांच्या मुलासाठी निवडूच नये. ते कपाटात राहू द्यावे आणि मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की एकत्र बसून पाहावे.

स्वतः वाचणाऱ्या मुलाबरोबर खटकणारे वाक्य गाळून पुढे जाऊ नये. वाक्य पूर्ण वाचावे, थांबावे आणि आधी मुलालाच विचारावे. ऊम्पा-लूम्पांच्या प्रसंगात ‘त्यांना इकडे यायचं होतं का, हे कोणी विचारलं?’ एवढा प्रश्न पुरतो. मुले त्यावर बरेच बोलतात. मग पुस्तक केव्हा लिहिले गेले आणि तेव्हा कोण कोणावर राज्य करत होते, हे दोन वाक्यांत सांगून गोष्टीकडे परतावे. लांबलचक व्याख्यानाने पुस्तकही जाते आणि मुद्दाही.

वर्गात मोठ्याने वाचताना मात्र नियम वेगळा असावा. सुधारित आवृत्तीत ‘चार्ली’मधील खादाड मुलगा ऑगस्टस ग्लूप याच्या वर्णनातून ‘लठ्ठ’ हा शब्द गेला, ते मला पटलेले नाही. तरीही ज्या मुलाला वर्गात रोज ‘जाड्या’ म्हणून हाक मारली जाते, त्याच्यासमोर चाळीस जणांच्या हशात तो उतारा वाचू नये. घरी वाचणारे मूल पुस्तक मिटू शकते, वर्गातल्या मुलाला ती सोय नसते. शिक्षकांनी त्या दिवशी दुसरा उतारा निवडावा आणि पुस्तक ग्रंथालयात मूळ रूपातच राहू द्यावे.

शाळेच्या ग्रंथपालांनी नवी आवृत्ती आली म्हणून जुनी प्रत रद्दीत काढू नये. दोन्ही ठेवाव्यात आणि नोंदवहीत आवृत्तीचे वर्ष लिहावे. मराठी अनुवादकांनी व प्रकाशकांनी कोणत्या आवृत्तीवरून अनुवाद केला ते श्रेयपानावर छापावे, आणि काही गाळले असेल तर ‘संक्षिप्त’ हा शब्द मुखपृष्ठावरच घ्यावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त होते. ब्लायटन यांचे निधन १९६८ चे, म्हणजे २०२९ पासून त्यांची पुस्तके येथे कोणालाही हवी तशी छापता येतील. आपल्या घरातल्या जुन्या प्रती तोवर नीट बांधून ठेवाव्यात.